संशयाचा फायदा

भाजी चिरताना विळीवर बोट कापले, तर आपण क्षणभर हात झटकतो, चिमूटभर हळद त्यावर दाबून धरतो आणि पुन्हा कामाला लागतो. रक्त थोड्या वेळाने थांबणार, याविषयी आपल्या मनात शंका नसते. अंगातून वाहू लागलेले रक्त आपोआप साकळावे, ही निसर्गाची केवढी कृपा आहे, याचा विचार करण्याची पाळी आपल्यावर सहसा येत नाही. ज्यांच्या वाट्याला ही कृपा आली नाही, अशा माणसांची हकीकत मी आज सांगणार आहे. त्यांचा रोग फार जुना आहे. त्यांच्यावर कोसळलेले संकट मात्र आपल्याच काळातले आहे, आणि ते रोगातून नव्हे, तर रोगाच्या औषधातून आले.

रक्त साकळण्याची क्रिया एकट्या द्रव्याकडून होत नाही. गावात आग लागली म्हणजे विहिरीपासून घरापर्यंत माणसे रांगेने उभी राहतात आणि पाण्याची बादली हातोहात पुढे जाते. तशीच रक्तातील अनेक द्रव्ये एकामागून एक आपले काम करतात. रांगेतील एक माणूस नाहीसा झाला, की बादली तेथेच अडते. या द्रव्यांना शास्त्रज्ञांनी क्रमांक दिले आहेत. त्यांपैकी आठवा घटक ज्यांच्या रक्तात नसतो किंवा फारच थोडा असतो, त्यांना हिमोफिलिया ‘ए’ असतो. नवव्या घटकाची उणीव असली, तर तो हिमोफिलिया ‘बी’. सुमारे पाच हजार मुलग्यांमागे एकाला यातील पहिला प्रकार असतो. दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो आणि आई स्वतः बहुधा धडधाकट असते. कधी कधी घराण्यात पूर्वी कोणाला नसताही तो एखाद्या मुलात प्रथमच प्रकट होतो.

अशा मुलाला साधा ओरखडा उठला तर तो रक्त वाहून मरतो, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. त्याचे रक्त इतरांपेक्षा जोराने वाहत नाही. ते थांबत नाही, एवढेच. त्याला खरी भीती असते ती न दिसणाऱ्या रक्तस्रावाची. धावताना गुडघा मुरगळला, की सांध्याच्या आत रक्त साठू लागते, सांधा टरारून सुजतो आणि मुलगा रात्ररात्र विव्हळतो. असे वारंवार झाले, की सांधा झिजतो आणि मिसरूड फुटण्यापूर्वीच पाय आखडतो. मेंदूत रक्तस्राव झाला, तर मृत्यूही ओढवू शकतो.

ज्यूंच्या धर्मग्रंथांत, सुंतेच्या वेळी दोन मुलगे रक्त वाहून दगावले असतील तर तिसऱ्याची सुंता करू नये, अशा आशयाची आज्ञा आढळते. रोगाचे नावही ठाऊक नसताना त्याची आनुवंशिकता त्या लोकांनी ओळखली होती. १८०३ साली अमेरिकेतील जॉन ऑटो या वैद्याने अशा कुटुंबांचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. परंतु या रोगाला जगभर प्रसिद्धी मिळाली ती राजवाड्यातून. व्हिक्टोरिया राणीचा मुलगा लिओपोल्ड याला तो होता. १८८४ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, पडल्याचे निमित्त होऊन तो वारला. राणीच्या मुलींमार्फत हाच दोष युरोपातील इतर राजघराण्यांत गेला आणि रशियाचा युवराज अलेक्सी याच्यापर्यंत पोहोचला. रशियन राजघराण्याच्या अवशेषांची तपासणी करून २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी निश्चित केले, की हा दोष नवव्या घटकाचा होता. सत्ता, संपत्ती आणि राजवैद्य हाताशी असूनही त्या मुलासाठी कोणाला फारसे काही करता आले नव्हते, कारण करण्याजोगे काही ठाऊकच नव्हते.

उपाय सापडू लागला तो विसाव्या शतकाच्या मध्यावर. नववा घटक हा आठव्याहून निराळा आहे, हे १९५२ साली इंग्लंडमधील संशोधकांनी दाखवून दिले आणि ज्या लहान मुलाच्या रक्तावरून हा शोध लागला, त्या स्टीफन ख्रिसमस या मुलाचे आडनाव त्या विकाराला दिले. या मुलाची आठवण श्रोत्यांनी ठेवावी. पुढे तो पुन्हा भेटणार आहे. त्या काळी उपचार म्हणजे ताजे रक्त किंवा त्यातील द्रव भाग, म्हणजे प्लाझ्मा, शिरेतून देणे. प्लाझ्मा पुष्कळ द्यावा लागे आणि त्यातील आवश्यक घटक मात्र अल्प असे. मुलांचे आठवडेच्या आठवडे रुग्णालयात जात. शाळा बुडे, खेळ वर्ज्य, पुढे नोकरी दुर्लभ.

१९६४ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे ज्युडिथ पूल या संशोधिकेला एक साधी गोष्ट आढळली. गोठवलेला प्लाझ्मा अगदी सावकाश वितळू दिला, तर भांड्याच्या तळाशी थोडा साका राहतो, आणि आठवा घटक मुख्यतः त्या साक्यात असतो. ही कृती साध्या रक्तपेढीलाही जमण्यासारखी होती. एका पिशवीतील साका हा एकाच दात्याचा असल्यामुळे जोखीमही मर्यादित होती. ‘क्रायोप्रेसिपिटेट’ या नावाने तो ओळखला जाऊ लागला आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना प्रथमच खात्रीचे औषध मिळाले.

त्यापुढील पाऊल औषधी कंपन्यांनी टाकले. हजारो माणसांचा प्लाझ्मा एकत्र करून त्यातून आठवा घटक वेगळा काढायचा, सुकवून त्याची भुकटी करायची आणि कुपीत भरायची. भुकटी घरच्या शीतकपाटात ठेवता येई, पाण्यात विरघळवून दोन-चार मिनिटांत टोचून घेता येई. आज आपण त्या औषधाकडे त्याच्या परिणामांच्या दृष्टीने पाहतो. पण ते प्रथम हाती आले तेव्हा त्या घरांत काय आनंद झाला असेल, हे विसरून चालणार नाही. आई मुलाला इंजेक्शन द्यायला शिकली, मुले स्वतःच्या शिरेत सुई घालायला शिकली. सहलीला जाता येऊ लागले, परीक्षा देता येऊ लागल्या, लग्नाचा विचार करता येऊ लागला. पुढे जो घात झाला तो याच आनंदाच्या दाराने आत आला, म्हणून तो अधिक दारुण आहे.

या औषधाच्या कृतीतच एक धोका दडलेला होता. तो समजायला शास्त्रज्ञ असण्याची गरज नाही. घरात दही लावणारी कोणतीही बाई तो समजेल. शंभर घरचे दूध एका हंड्यात ओतले आणि त्यांतील एका लोटीत विरजणाचा थेंब असला, तर सकाळी सगळ्या हंड्याचे दही झालेले असते. हजारो दात्यांपैकी एकाच्या रक्तात रोगाचा विषाणू असला, तर तो संबंध घाणा दूषित होणार आणि त्या घाण्यातील प्रत्येक कुपीबरोबर तो रोग्याच्या शिरेत जाणार. दुसरे म्हणजे हिमोफिलियाच्या रुग्णाला हे औषध आयुष्यभर घ्यावे लागते. एका वर्षात तो किती अनोळखी माणसांच्या रक्ताशी जोडला जात असेल, याचा हिशेब भयचकित करणारा आहे.

मग हे रक्त देणारे कोण होते? ब्रिटनमध्ये रक्त देणारा मनुष्य ते विनामूल्य देत असे. अमेरिकेत प्लाझ्मा विकत घेतला जाई. जो पैशासाठी रक्त विकतो त्याला बहुधा पैशाची निकड असते, आणि आपल्याला पूर्वी कावीळ झाली होती हे सांगितल्यास आजची कमाई बुडेल, हे त्याला ठाऊक असते. मोठ्या शहरांतील कंगाल वस्त्यांत प्लाझ्मा खरेदीची केंद्रे उघडली होती. तुरुंगांतील कैद्यांकडूनही प्लाझ्मा घेतला जाई. आर्कान्सा राज्यातील तुरुंगांत तर हा प्रकार १९९४ पर्यंत चालू होता. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली ‘द गिफ्ट रिलेशनशिप’ हा ग्रंथ लिहून दान दिलेले रक्त आणि विकलेले रक्त यांची तुलना केली. विकलेले रक्त नीतीच्या दृष्टीने तर हीन ठरतेच, पण आरोग्याच्या दृष्टीनेही अधिक घातक ठरते, असा त्यांचा सिद्धांत होता. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या महासभेने ठराव करून, प्रत्येक राष्ट्राने ऐच्छिक आणि विनामूल्य रक्तदानावर आपली व्यवस्था उभारावी, असे आवाहन केले.

ब्रिटनने हे सारे ऐकले होते. टिटमस तर त्यांचेच. पण मागणी वाढत होती, देशातील उत्पादन अपुरे होते, आणि १९७३ पासून अमेरिकन भुकटीच्या आयातीस परवाने मिळू लागले. १९७५ च्या सुमारास आरोग्य राज्यमंत्री डेव्हिड ओवेन यांनी देश स्वयंपूर्ण करण्याचे धोरण जाहीर करून त्यासाठी पैसेही मंजूर केले. ते मंत्रिपदावरून गेले. स्वयंपूर्णता मात्र ठरल्या वेळी आली नाही. पुढे त्यांनी त्या काळचे आपले कागद मागितले, तेव्हा ते नष्ट करण्यात आल्याचे त्यांना सांगण्यात आले.

एड्सची गोष्ट त्यानंतरची आहे. कावीळ त्याआधीपासून होती. भुकटी घेणाऱ्या बहुतेक रुग्णांच्या यकृताला बाधा होते, हे सत्तरच्या दशकात डॉक्टरांना माहीत होते. ज्ञात असलेल्या ‘ए’ आणि ‘बी’ या प्रकारांत ती न बसल्यामुळे तिला ‘ए नव्हे, बी नव्हे’ असे विचित्र नाव मिळाले. नाव सापडले नाही म्हणून की काय, ती सौम्य मानली गेली. १९८९ साली तिचा विषाणू ओळखला गेला आणि हिपॅटायटिस ‘सी’ हे नाव त्याला मिळाले. वीस-तीस वर्षे मुकाट्याने यकृत पोखरून शेवटी माणसाचा जीव घेणारा हा रोग सौम्य नाही, हे तोपर्यंत उशिरा का होईना, स्पष्ट झाले होते.

जुलै १९८२ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने आपल्या साप्ताहिक वृत्तात तीन हिमोफिलिया रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. प्रतिकारशक्ती ढासळलेल्या माणसालाच होणारा फुप्फुसाचा एक दुर्मीळ रोग त्यांना झाला होता. तिघांनीही आठव्या घटकाची भुकटी घेतलेली होती. हा नवा रोग रक्तातून येत असावा, ही शंका त्या दिवशी जगासमोर आली. पुढच्या वर्षी, ९ मे १९८३ रोजी, ब्रिटनच्या साथरोग पाहणी केंद्राचे संचालक डॉ. स्पेन्स गॅलब्रेथ यांनी आरोग्य खात्याला पत्र लिहिले. १९७८ नंतर अमेरिकेत गोळा केलेल्या रक्तापासून बनवलेली सर्व औषधे, हा धोका स्पष्ट होईपर्यंत, वापरातून काढून घ्यावीत, अशी त्यांची स्पष्ट शिफारस होती. ती मानली गेली नाही. एड्स हा रक्तौषधांतून होतो याला निर्णायक पुरावा नाही, असे सरकारतर्फे सांगण्यात येत राहिले.

माझ्या विवेचनाचा मुख्य मुद्दा या ‘निर्णायक पुरावा नाही’ या शब्दांत आहे. न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, आणि तो मिळावा हेच योग्य; कारण निरपराध मनुष्य फासावर जाऊ नये. पण औषध हे काही पिंजऱ्यात उभे असलेले माणूस नव्हे. एखाद्या कुपीविषयी संशय आला, तर त्या संशयाचा फायदा ज्याच्या शिरेत ती रिकामी होणार त्या रोग्याला मिळायला हवा. येथे उलटे झाले. कुपीला आरोपीचे सर्व हक्क मिळाले आणि पुरावा देण्याचा भार रोग्याच्या देहावर पडला. तो पुरावा त्याने दिला, तो आजारी पडून आणि मरून.

डॉक्टरांपुढे पेच होता, हे मान्य केले पाहिजे. भुकटी बंद केली, तर रक्तस्रावाने रोगी मरण्याचा धोका होता आणि तो काल्पनिक नव्हता. कित्येक डॉक्टरांनी चांगल्याच बुद्धीने ती चालू ठेवली असेल. परंतु सारे काही किंवा काहीच नाही, अशी ही निवड नव्हती. सौम्य विकार असलेल्यांना आणि लहान मुलांना जुना साका देता आला असता. तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया लांबणीवर टाकता आल्या असत्या. विषाणू मारण्यासाठी औषध तापवण्याची कृती जर्मनीत सिद्ध झाली होती आणि तापवलेल्या औषधाला तेथे १९८१ मध्येच परवाना मिळाला होता. त्यात आठव्या घटकाचा बराच भाग वाया जाई आणि ते महाग पडे, ही अडचण होती. आणि यांतले काहीच जमले नसते, तरी एक गोष्ट विनाखर्च करता आली असती. रोग्याला आणि त्याच्या आईवडिलांना धोका काय आहे हे सांगून, तुमची इच्छा काय आहे, असे विचारता आले असते. बहुसंख्य ठिकाणी तेही झाले नाही.

न सांगण्याचा हा प्रकार कोठवर गेला, हे एका शाळेवरून कळते. हॅम्पशायर परगण्यात ट्रेलोर नावाची अपंग मुलांची निवासी शाळा आहे. शाळेच्या आवारातच सरकारी हिमोफिलिया केंद्र असल्यामुळे देशभरातील पालक आपले मुलगे तेथे विश्वासाने पाठवीत. रक्तस्राव सुरू झाला तर उपचार दाराशी, अभ्यास बुडायचा नाही. १९७० ते १९८७ या काळात हिमोफिलिया असलेले १२२ विद्यार्थी तेथे होते. त्यांच्यावर उपचारांबरोबर संशोधनही चालले होते, आणि ते बहुतेक मुलांना किंवा पालकांना नीट माहीत नव्हते, असे पुढे चौकशीत सिद्ध झाले. धोका कळलेला असूनही भुकटी दिली जात राहिली. त्या १२२ पैकी २०२४ मध्ये सुमारे ३० जण हयात होते. एका वर्गातील मुलांच्या नावांवर एकामागून एक काट मारत जावे, तशी ही गोष्ट आहे.

१९८५ मध्ये एड्सच्या विषाणूची रक्ततपासणी उपलब्ध झाली. कित्येकांच्या रक्ताची तपासणी त्यांच्या नकळत झाली आणि निकाल महिनोन्‌महिने, काहींच्या बाबतीत वर्षानुवर्षे, त्यांना सांगितला गेला नाही. मधल्या काळात काहींच्या पत्नींना तो रोग झाला. ज्यांना कळले, त्यांना तो लपवून जगावे लागले. शेजारी घराच्या भिंतीवर शिवीगाळ लिहीत. मुले वर्गात बाजूला बसवली जात. अमेरिकेत इंडियाना राज्यातील रायन व्हाइट या मुलाला शाळेने वर्गात येण्यास बंदी केली. त्याने न्यायालयात लढून ती उठवली आणि १९९० मध्ये, अठरा वर्षांचा असताना, तो मरण पावला. आणि ज्याचे आडनाव वैद्यकाच्या ग्रंथांत कोरले गेले, तो स्टीफन ख्रिसमस? तो कॅनडात मोठा झाला, दूषित रक्तातून त्यालाही एड्सची बाधा झाली, सुरक्षित रक्तासाठी त्याने तेथे चळवळ केली आणि डिसेंबर १९९३ मध्ये तो निवर्तला. ज्या मुलाच्या रक्ताने इतरांच्या उपचाराची वाट उघडली, त्याचाच बळी त्या वाटेवर पडला.

एकट्या ब्रिटनचे हे पाप नव्हे. फ्रान्समध्ये मे १९८५ पर्यंत राष्ट्रीय रक्तसंक्रमण केंद्राच्या वरिष्ठांना आपला साठा दूषित असल्याचे कळून चुकले होते. तरीही साठा संपेपर्यंत तो वाटण्यात आला. केंद्राचे संचालक मिशेल गॅरेटा यांना १९९२ मध्ये कारावासाची शिक्षा झाली. १९९९ मध्ये माजी पंतप्रधान लोराँ फाबियस यांच्यासह तीन माजी मंत्र्यांना विशेष न्यायालयापुढे उभे राहावे लागले. फाबियस निर्दोष सुटले, एक मंत्री दोषी ठरले, पण त्यांना शिक्षा झाली नाही. जपानमध्ये आरोग्य खाते जे कागद सापडत नाहीत असे सांगत होते, ते आरोग्यमंत्री नाओतो कान यांनी १९९६ मध्ये शोधायला लावले आणि ते त्याच खात्यात सापडले. कान यांनी पीडितांची उघडपणे क्षमा मागितली. कॅनडात न्यायमूर्ती होरेस क्रेव्हर यांच्या आयोगाने १९९७ मध्ये अहवाल दिला आणि रक्ताचे काम रेड क्रॉसकडून काढून नव्या संस्थांकडे सोपवण्यात आले. अमेरिकेतील एका कंपनीने तापवलेले औषध बाजारात आणल्यावरही न तापवलेला जुना माल आशियात व लॅटिन अमेरिकेत वर्षभराहून अधिक काळ विकल्याचे २००३ मध्ये उघडकीस आले.

या सर्व देशांत न्याय थोडाफार आणि उशिरा झाला. ब्रिटनमध्ये तर तो चाळीस वर्षे झालाच नाही. १९९१ मध्ये एड्सबाधित हिमोफिलिया रुग्णांशी सरकारने पैशाची तडजोड केली. ती घेताना, यकृताच्या रोगाबद्दल पुढे दावा लावणार नाही, असे त्यांच्याकडून लिहून घेण्यात आले. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसांनी मुलाबाळांसाठी सह्या केल्या. नंतर त्यांतील पुष्कळांना कळले, की हिपॅटायटिस ‘सी’ देखील आपल्याला केव्हाच झालेला आहे. १९९३ मध्ये खात्यातील महत्त्वाच्या फाइली हेतुपुरस्सर नष्ट केल्या गेल्या. एकामागून एक सरकारे आली, दोन्ही पक्षांची आली, आणि प्रत्येकाने उपलब्ध असलेला सर्वोत्तम उपचार दिला होता, असेच सांगितले. विधवा, आयाबाया आणि स्वतः रुग्ण कागद जमवीत राहिले, अर्ज करीत राहिले आणि एकेक करून कमी होत गेले.

अखेर २०१७ मध्ये सार्वजनिक चौकशीची घोषणा झाली. न्यायमूर्ती सर ब्रायन लँगस्टाफ यांनी हजारो कागद तपासले, पीडितांना स्वतः ऐकले आणि २० मे २०२४ रोजी अहवाल दिला. रक्त आणि रक्तौषधे यांतून तीस हजारांहून अधिक लोकांना बाधा झाली. यांत शस्त्रक्रियेच्या किंवा बाळंतपणाच्या वेळी रक्त दिलेल्या माणसांचाही समावेश आहे. सुमारे तीन हजार मरण पावले. रक्तस्रावाचा विकार असलेल्या सुमारे १,२५० जणांना एड्सच्या विषाणूची बाधा झाली, त्यांत सुमारे ३८० मुले होती. या १,२५० पैकी सुमारे तीन-चतुर्थांश आज नाहीत. हा अपघात नव्हता, तो बऱ्याच अंशी टाळता आला असता आणि सत्य लपवले गेले, असा अहवालाचा निष्कर्ष आहे. हे लपवणे मूठभर लोकांनी एकत्र बसून रचलेल्या कटासारखे नव्हते. आपली अब्रू आणि आपला खर्च वाचवण्याच्या सवयीतून ते हळूहळू साऱ्या यंत्रणेत भिनले, असे न्यायमूर्तींनी दाखवले. त्याच दिवशी पंतप्रधान ऋषी सुनक यांनी लोकसभेत क्षमा मागितली. भरपाईसाठी पुढे १,१८० कोटी पौंडांची तरतूद करण्यात आली. ज्यांना ती द्यायची होती, त्यांतील पुष्कळांचे वारसच ती घ्यायला उरले होते.

आपल्या देशाकडे वळताना आपण निर्धास्त राहावे, असे काही नाही. आपल्याकडेही रक्त विकणाऱ्यांचा धंदा होता आणि रक्तपेढ्यांच्या दारात तेच तेच चेहरे दिसत. १९८९ मध्ये रक्ताची एड्ससाठी तपासणी सक्तीची झाली. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर जानेवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, राष्ट्रीय व राज्य रक्तसंक्रमण परिषदा स्थापन करण्याचा आदेश दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्तविक्रीला बंदी झाली. टिटमस यांनी पुस्तकात मांडलेला सिद्धांत आपल्याकडे कायदा झाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. तरीही ऐन वेळी नातेवाइकांना रक्त आणायला धाडले जाते, आणि ज्यांना दाता मिळत नाही ते गुपचूप पैसे मोजून कोणाला तरी भाचा किंवा मेहुणा म्हणून उभे करतात, हे आपण ऐकलेले असते. कायद्याचे रिकामे राहिलेले अर्धे काम तुमच्या-माझ्यासारख्या निरोगी माणसांनी नियमितपणे रक्तदान केले, तरच पूर्ण होईल. आनंदाची गोष्ट म्हणजे, २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश झाला आहे.

औषधही आता पालटले आहे. १९९२ पासून रक्ताशिवाय, प्रयोगशाळेत पेशींकडून तयार करून घेतलेला आठवा घटक मिळू लागला. रक्तातून काढलेल्या औषधातील विषाणू मारण्याच्या कृतीही पक्क्या झाल्या आहेत. शरीरालाच तो घटक बनवायला शिकवणारी जनुकीय चिकित्सा काही देशांत मान्य झाली असून, वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी पाच रुग्णांवर केलेल्या अशा एका प्रयोगाचे उत्साहवर्धक निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आजच्या मुलाला त्याच्या मामाच्या वाट्याला आलेले भोग भोगावे लागू नयेत, एवढे सामर्थ्य विज्ञानाने मिळवले आहे.

परंतु विज्ञानाने न सुटणारा प्रश्न मागे उरतोच. उद्या दुसरे एखादे नवे औषध येईल. तेही उपकारक असेल, त्याचेही स्वागत होईल, आणि कधी तरी एखादा सावध अधिकारी एक पत्र लिहून म्हणेल, मला शंका येते. त्या दिवशी त्याला कोणते उत्तर मिळते, यावर पुष्कळ माणसांचे जीवन अवलंबून असेल. निर्णायक पुरावा नाही, हे उत्तर शास्त्राच्या भाषेत निर्दोष आहे. पण जोवर पुरावा नाही, तोवर संशयाचा फायदा कोणाला द्यायचा, हे शास्त्र सांगत नाही. ते आपल्याला ठरवावे लागते. ट्रेलोरच्या शाळेतील त्या मुलांना कोणी विचारले नाही. निदान आपल्याकडे, सुई हातात घेतलेल्या प्रत्येकाने, सुई टोचण्यापूर्वी, समोरच्या माणसाला विचारावे.